शिकाऊ उमेदवारी : प्रमाणपत्रानंतरचे पाऊल

लासुर्णे (ता. इंदापूर) परिसराला वालचंदनगरची यंत्रशाळा परकी नाही; इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तेथे घडले आहेत. असे कौशल्य वर्गाइतकेच प्रत्यक्ष कामावर अंगी बाणते. याच हेतूने शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ करण्यात आला. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार ३० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

तथापि, उमेदवारी पूर्ण होताच नोकरी मिळेलच असे नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवावयाचे आहे. म्हणून प्रमाणपत्र-वितरण समारंभात यशस्वी उमेदवारांचे कौतुक करतानाच, त्यांपैकी किती जण कामावर रुजू झाले याची नोंद शिक्षक व ग्रामपंचायतींनी ठेवावी. उमेदवारीचे खरे यश त्या नोंदीतच दिसेल.