कंट्रोल, निग्रह आणि आपलं ‘आवरणं’

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ३४ आणि ३५ या श्लोकांवर.

‘मनावर कंट्रोलच नाही यार’ हे आपलं रोजचं वाक्य. कंट्रोल हा शब्द मूळचा हिशेबाचा. पडताळणीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या नोंदवहीच्या जुन्या फ्रेंच नावावरून तो आला. म्हणजे आधी तपासणं, हुकूमत नंतर. आपण मात्र त्यात फक्त दाबून ठेवणं ऐकतो.

संस्कृतात यासाठी शब्दांची रांगच आहे. इंद्रियं ताब्यात असणं तो दम, मन निवणं तो शम. संयम आणि नियम ‘यम्’ धातूचे. निग्रह ‘ग्रह्’चा, म्हणजे धरणं. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात मनाला प्रग्रह, म्हणजे लगाम म्हटलंय, तोही ‘ग्रह्’चाच. मजा बघा, तिथे घोडे म्हणजे इंद्रियं. मन ही सारथ्याच्या, बुद्धीच्या हातातली दोरी!

अर्जुन म्हणतो, मनाचा निग्रह वारा अडवण्याइतका अवघड. भगवंत त्याला दटावत नाहीत. मन ‘दुर्निग्रह’ आहे हे आधी मान्य करतात आणि मग सांगतात, अभ्यासाने आणि वैराग्याने ते ‘गृह्यते’, धरता येतं. धातू तोच, ‘नि’ तेवढा गळाला. हा काही व्याकरणाचा सिद्धान्त नव्हे, पण मला हा बदल फार बोलका वाटतो. कारण तिसऱ्या अध्यायात त्यांनीच विचारलंय, सगळे आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तिथे निग्रह काय करणार?

रात्री एकला रील्स बघून स्वतःचाच राग येतो, ॲप डिलीट होतं, चौथ्या दिवशी पुन्हा फोनमध्ये. विषय दूर ठेवले तरी गोडी मागे उरते, हे दुसऱ्या अध्यायातच सांगून ठेवलंय.

यासाठी मला आपला मराठी शब्द सगळ्यात आवडतो : आवरणं. आपण रडू आवरतो, पसाराही आवरतो, आणि आई बाहेरून ओरडते, ‘आवरलं का गं?’ पसारा रोज होतो म्हणून घराला कोणी नालायक ठरवत नाही. सहाव्या अध्यायातलाच २६ वा श्लोक हेच सांगतो : मन जिथे जिथे पळेल, तिथून तिथून परत आणायचं. किती वेळा, याचा आकडा दिलेला नाही. तेव्हा आज जपात मन ऑफिसच्या ग्रुपवर गेलं, तर पुढचा मणी ओढा, बस.

उद्या ‘वैराग्य’ घेऊ. त्याच्याबद्दलचे गैरसमज तर याहून मोठे आहेत.