पाठवलेला कमी नसतो : त्रैक्याचा विश्वास आणि सेवक घडवणे

शास्त्रभाग : योहान ५:१९-२३, योहान २०:२१-२२, २ तीमथ्य २:१-२



पिता, पुत्र व पवित्र आत्मा या नावाने आपला बाप्तिस्मा झाला आणि त्याच नावाने उपासनेच्या शेवटी आपण आशीर्वाद घेतो. पण त्रैक्याविषयी कोणी विचारले की "ते गूढ आहे" एवढे म्हणून आपण पुढे जातो. ते गूढ आहेच. तरीही आरंभीच्या मंडळीने हा विश्वास कसा जपला, हे पाहिले तर जाफराबाद तालुक्यातील वस्त्यांवर सेवा करणाऱ्यांना आणि त्यांना पाठबळ देणाऱ्यांना त्यातून मोठा बोध मिळतो.

१. विश्वास माणसाकडून माणसाकडे आला

"त्रैक्य" हा शब्द पवित्र शास्त्रात नाही, पण ते सत्य आहे. अंत्युखियाचा थियोफिलस याने इ. स. १८०च्या सुमारास देवाविषयी बोलताना ग्रीक भाषेत "त्रयी" असा शब्द वापरला. पुढे आफ्रिकेतील तर्तुल्लियनने तसाच शब्द लॅटिन भाषेत रूढ केला. त्याच काळात आयरेनियस याने पुत्र व आत्मा यांना देवाचे दोन हात म्हटले. देव या हातांनी स्वतःच निर्माण करतो व तारतो, असे त्याचे शिक्षण होते.

आयरेनियस हे कोठे शिकला? लहानपणी स्मुर्णा येथे तो वृद्ध पॉलिकार्पचे बोलणे ऐकत असे, आणि पॉलिकार्पने योहानाचे ऐकले होते. पॉलिकार्प कोठे बसून बोलत असे तेही आपल्याला आठवते, असे आयरेनियसने पुढे एका पत्रात लिहिले. पौलाने तीमथ्याला हीच रीत सांगितली होती : माझ्याकडून तू, तुझ्याकडून विश्वासू माणसे, त्यांच्याकडून इतर.

२. एरियसची चूक

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा पाळक एरियस शिकवू लागला की, पुत्राला आरंभ आहे, तो सर्व निर्मितीत श्रेष्ठ असला तरी निर्माण केलेलाच आहे. पुत्र पाठवला गेला व त्याने आज्ञा पाळली, याचाही आधार या पक्षाचे लोक घेत. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील परिषदेने हे शिक्षण नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे कबूल केले. पाठवला गेला म्हणून पुत्र कमी ठरत नाही. जो पुत्राचा सन्मान करत नाही तो पित्याचाही करत नाही, असे प्रभूने स्वतः शिकवले (योहान ५:२३).

त्या परिषदेला अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर आपल्याबरोबर अथनासियस नावाच्या तरुण डीकनला घेऊन गेला होता. तीन वर्षांनी तोच तरुण बिशप झाला आणि या विश्वासासाठी त्याने पाच वेळा हद्दपारी सोसली.

३. प्रश्न विचारणारा शिष्य

कप्पदुकियाचा बासिल देवाच्या गौरवाची प्रार्थना करताना पवित्र आत्म्याचे नाव पिता व पुत्र यांच्या बरोबरीने घेई. काहींनी त्याला नावे ठेवली. तेव्हा इकुन्याचा नवा बिशप अँफिलोकियस याने बासिलला याचा खुलासा विचारला. बासिलने त्याला टाळले नाही. एकेका शब्दाचा अर्थ विचारतोस हे चांगले करतोस, अशा अर्थाची शाबासकी देऊन त्याने पवित्र आत्म्याविषयी एक पूर्ण ग्रंथच त्याच्यासाठी लिहिला.

बासिल स्वतः आजी मॅक्रिनाच्या मांडीवर विश्वास शिकला होता. त्याच नावाच्या थोरल्या बहिणीला धाकटा भाऊ ग्रेगरी आपली गुरू म्हणे. बासिल इ. स. ३७९ मध्ये प्रभूकडे गेला. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत तो नव्हता, पण ग्रेगरी आणि अँफिलोकियस होते.

४. आपल्या जालन्यात

आपल्या जिल्ह्यालाही असा वारसा आहे. रेव्ह. नारायण शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकले. १८४३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८५४ मध्ये त्यांची पाळकपदी दीक्षा झाली. पुढे निजामाच्या राज्यातील जालना हे त्यांचे सेवाक्षेत्र झाले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या या सेवकाने समाजाने गावकुसाबाहेर ठेवलेल्या मांग बांधवांमध्ये आपले आयुष्य वेचले. ज्यांना कोणी जवळ उभे करत नव्हते, त्यांच्याबरोबर एकाच प्रभूच्या मेजावर बसणे हीही त्रैक्याच्या देवाची साक्षच आहे.

५. आज आपल्यासाठी

मार्गदर्शक म्हणजे पिता आणि शिष्य म्हणजे पुत्र, अशी तुलना करू नये. आपण सर्व एकाच प्रभूचे दास आहोत. परंतु पाठवणारा मोठा आणि पाठवलेला लहान हा विचार मंडळीत शिरला, तर तोंडाने नायसियाचा मतांगीकार म्हणत आपण एरियससारखे वागू लागतो. आदिवासी वस्तीवरचा तरुण वर्षानुवर्षे ढोलकी वाहतो, सतरंज्या अंथरतो, पाहुण्यांचे बोलणे आपल्या बोलीत सांगतो. पण वचन सांगण्याची पाळी त्याच्यावर येतच नाही. आपण दानाची पावती पाहतो, त्याचे नाव मात्र विचारत नाही.

म्हणून चार गोष्टी करू या. सेवेला जाताना एका तरुणाला किंवा तरुणीला बरोबर घ्या. त्यांना प्रश्न विचारू द्या आणि उत्तर ठाऊक नसेल तर शास्त्रातून एकत्र शोधा. त्यांना वचन सांगू द्या, आणि ते बोलत असताना समोर बसून ऐका. काम सोपवल्यावर प्रार्थनेत व अडचणीत त्यांच्या बाजूला उभे राहा. प्रभूने शिष्यांना पाठवले तेव्हा आधी त्यांना आत्मा दिला. रिकाम्या हाताने पाठवले नाही.

मनन व चर्चेसाठी

१. तुम्हाला विश्वासात कोणी वाढवले? तुम्ही कोणाला वाढवत आहात?
२. आपल्या मंडळीत कोणती सेवा "लहान" समजली जाते? का?
३. या तिमाहीत कोणा एकाला तुम्ही बरोबर घ्याल?

प्रार्थना : हे पित्या, तू पुत्राला पाठवलेस आणि पुत्राच्या द्वारे आम्हाला आत्मा दिलास. आम्ही ज्यांना पाठवतो त्यांचा मान राखण्यास आम्हाला शिकव. वस्तीवस्तीवर तुझे सेवक उभे कर. येशूच्या नावात मागतो. आमेन.