दाबताना बाजूला बघ

अगं, सुट्टीत पोरं गोळा करून दाबाचे प्रयोग दाखवणार म्हणतेस, तर एक सांगून ठेवतो. पोरांची नजर दाबणाऱ्या हातावर खिळते. ती वस्तूच्या कडांकडे वळव. वरून दाबलेली वस्तू बाजूने निसटायला बघते, आणि ती वाट अडवली की बरंच जास्त सोसते. एवढं डोळ्यांनी दिसलं की झालं. सूत्रं पुढे शाळेत भेटतीलच.

सुरुवात जाडजूड खोडरबराने कर. त्याच्या कडेवर पेनाने चौकटी आख आणि दाबायच्या आधी विचार, यांचं काय होईल? ‘लहान होतील’ असं उत्तर येईल. होतात त्या बुटक्या आणि रुंद. अंदाज आधी वदवून घ्यायला मात्र विसरू नकोस, नाहीतर सगळे म्हणतात, आम्हाला माहीतच होतं.

मग प्लास्टिकची फूटपट्टी. टेबलावर उभी धरून तळव्याने दाबली की मधोमध बाक घेते. आता दुसऱ्या एकाला कोपर टेबलावर टेकवून ती बरोबर मध्यावर चिमटीत धरू दे. धरणाऱ्याला फारसा जोर लागत नाही, पण पट्टी वाकवायला दाबणाऱ्याला आधीच्या जवळजवळ चौपट जोर लावावा लागतो. निम्मी लांबी, चौपट ताकद; ऑयलरने हे गणित १७४४ मध्येच मांडलं होतं.

कोरड्या वाळूचा ढीग दाबला की पसरतो. तीच वाळू कागदाच्या चिकटपट्टी लावलेल्या नळीत ठासून भर आणि वर पुस्तकं रचू दे. नळीच्या कडा सरळ काप, म्हणजे झालं.

थोरली पोरं असतील तर साइटवरचा क्यूब सांग. काँक्रीटचा १५ सेंटीमीटरचा ठोकळा २८ दिवस पाण्यात मुरवून मशीनमध्ये दाबून फोडतात. एम-२० काँक्रीटने चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सोसायचे, म्हणजे त्या एवढ्याशा ठोकळ्याने सुमारे ४५ टन. नीट फुटलेला क्यूब डमरूसारखा दिसतो. वरखाली मशीनच्या पोलादी पाट्यांनी त्याला जखडलेलं असतं, म्हणून तिथे तो तगतो. मधल्या मोकळ्या बाजूंचे टवके उडतात. एखाद्या लॅबमधून फुटका क्यूब मागून आण. त्यांना तो टाकूनच द्यायचा असतो.

तो हातात दिल्यावर विचार, खांबाच्या उभ्या सळयांना आडव्या रिंगा कशासाठी? सळया जागेवर राहाव्यात म्हणून, असं मोठी माणसंही सांगतात. ते अर्धंच झालं. भार आला की काँक्रीट बाजूने फुगू बघतं, सळया बाहेर बाक घेऊ बघतात, आणि रिंग दोघांना आवळून धरते. तिची टोकं १३५ अंशांत वळवून आत, खांबाच्या गाभ्यात घालायची असतात. घाईत ती ९० अंशांवरच सोडली जातात. मग भूकंपात बाहेरचा थर गळाला की रिंग उघडते. २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत तळमजल्यावर पार्किंग असलेल्या इमारती पडल्या, त्यातल्या कितीतरी खांबांत विरळ रिंगा आणि असली टोकं सापडली. कारणं इतरही होती, पण हे एक पोरांना तुझ्या घराशेजारच्या बांधकामावर बोट ठेवून दाखवता येईल. रस्त्यावरूनच दाखव, आत नेऊ नकोस.

अंड्यावर पुस्तकं रचायचा प्रयोग सगळे करतात. मला तो फारसा पटत नाही. त्यात करामत आकाराची असते, पोरं ती कवचाच्या नावावर जमा करतात. काच किंवा फरशीचा तुकडा दाबायला मुळीच देऊ नकोस. कपच्या डोळ्यांकडे उडतात.

बिनसुईची सिरिंज अगदी शेवटी काढ. तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबला की हवा दबते, पाणी भरलं की दट्ट्या हलत नाही. बाजूला जायला वावच नसेल तर काय होतं, ते यात कळतं. पण सिरिंज आधी हातात दिलीस तर उरलेला तास एकमेकांवर पाणी उडवण्यात जाईल.