शेत, शहर आणि आपल्याकडील अमानत



कांद्याच्या बियाण्याचे शेत फुलते, तेव्हा परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेण्याचे काम मुख्यतः मधमाश्या करतात. त्या आल्या नाहीत, तर बी नीट भरत नाही. शहराचेही असेच आहे. मुंबईला पाणी देणारे तुळशी व विहार तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. याउलट, मिठी नदीकाठची खारफुटी भरावाने आक्रसली आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्याला वाट उरली नाही.

या उपकारांचे मोल कोणी मागत नाही. म्हणून ती अमानत आहे, याचा विसर पडतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण अशी की, मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे वा पिकाचे माणूस, पक्षी किंवा जनावर जे खाते, तो त्याच्यासाठी सदका ठरतो. मग ऐन फुलोऱ्यात सकाळी विषारी फवारणी करून शेजाऱ्याच्या पिकाचाही आधार हिरावणे, घराचा राडारोडा खाडीत लोटणे, यास काय म्हणावे?

फवारणी अटळच असेल, तर सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी. राडारोडा नेमून दिलेल्या जागीच टाकावा. आपल्या सोयीपायी कोणाचा हक्क तर बुडत नाही ना, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.