मंद इंटरनेट जोडणी : मोडेम व राउटरच्या सेटिंगमधून करावयाच्या सुधारणा

सोयाबीनमध्ये उगवणीनंतरचे तणनाशक पेरणीनंतर साधारणतः १५ ते २० दिवसांनी, तणे २ ते ४ पानांवर असताना फवारावे लागते. या काळात पावसाची उघडीप मोजकीच मिळते. अनोळखी तणाचे छायाचित्र तज्ज्ञापर्यंत पोहोचून उत्तर मिळण्यास दोन-तीन दिवस गेले, तर तण हाताबाहेर जाते आणि औषधाचा खर्च वाया जातो. इंटरनेटची गती हा म्हणूनच विस्तारकार्याचाही विषय आहे.

जबलपूर येथे या गरजेचे स्वरूप स्पष्ट दिसते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे तण संशोधन संचालनालय (स्थापना १९८९), जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आणि मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील कृषी विज्ञान केंद्रांचा समन्वय पाहणारी अटारी या तिन्ही संस्था या शहरात आहेत. दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला आणि १६ ते २२ ऑगस्टचा गाजरगवत जागृती सप्ताह यांची माहिती गावापर्यंत वेळेवर जाण्यासाठी केंद्रातील जोडणी भरवशाची असावी लागते.

प्रथम मोजमाप

सेटिंग बदलण्यापूर्वी संगणक केबलने थेट राउटरला जोडावा आणि सकाळी, दुपारी व सायंकाळी गती तपासावी. केबलवर गती पुरेशी, पण वायफायवर कमी असेल तर दोष इमारतीच्या आत आहे. केबलवरही ती कमीच असेल तर दोष बाहेरील वाहिनीत किंवा सेवेत असण्याची शक्यता अधिक.

गती मेगाबिटमध्ये, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये सांगितला जातो. १ बाइट म्हणजे ८ बिट. त्यामुळे ४ मेगाबाइटचे छायाचित्र म्हणजे ३२ मेगाबिट. अपलोडची गती सेकंदाला १ मेगाबिट असल्यास ते पाठविण्यास किमान ३२ सेकंद आणि ०.२ मेगाबिट असल्यास २ मिनिटे ४० सेकंद लागतात. म्हणून डाउनलोडबरोबर अपलोडचीही नोंद ठेवावी.

वाहिनीची स्थिती

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकल्यावर सेटिंगचे पान उघडते. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, तो यंत्राच्या तळाशी छापलेला असतो. तेथील ‘स्टेटस’ पान पाहावे.

* तांब्याच्या तारेवरील जोडणी : सिग्नल-नॉइज मार्जिन ६ डेसिबलपेक्षा कमी असल्यास जोडणी वारंवार तुटते. पावसाळ्यात ओलसर झालेले सांधे व निकृष्ट स्प्लिटर ही नेहमीची कारणे आहेत. एक्सचेंजपासूनचे अंतर वाढते तशी गती घटते. ती सेटिंगने वाढत नाही.
* ऑप्टिकल फायबर : येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २७ डीबीएमच्या खाली गेल्यास सेवा अस्थिर होते. केबल तीव्र कोनात वाकलेली नाही ना, हे पाहावे.
* सिमकार्डचा ४जी राउटर : आरएसआरपी उणे ८० च्या आसपास असल्यास सिग्नल चांगला, उणे ११० च्या खाली असल्यास क्षीण समजावा. राउटर खिडकीत, टॉवरच्या दिशेने ठेवून आकडा पुन्हा पाहावा.

वायफायच्या सुधारणा

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ व ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर येत नाहीत. शेजारचे राउटर ज्या चॅनेलवर कमी आहेत तो निवडावा व चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झ पट्टा जलद असला तरी भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो. म्हणून तो राउटरच्याच खोलीतील संगणकासाठी वापरावा. राउटर लोखंडी कपाटाआड न ठेवता उंचावर, मध्यवर्ती जागी असावा.

पासवर्ड बदलून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा ठेवावी. अनेकदा अनोळखी मोबाइल जोडलेले असल्यानेच गती घटते. ‘क्यूओएस’ सुविधा असल्यास ऑनलाइन बैठकीच्या संगणकास प्राधान्य द्यावे.

इतर सेटिंग

डीएनएस बदलल्याने संकेतस्थळ उघडण्यास लागणारा आरंभीचा वेळ कमी होऊ शकतो. फाइल उतरण्याची गती वाढत नाही. पीपीपीओई जोडणीत एमटीयू १४९२ असावे. चुकीच्या मूल्यामुळे काही संकेतस्थळे अर्धवट उघडतात.

दक्षता

१. बदलापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवावे.
२. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजमाप करावे. अन्यथा कशाचा उपयोग झाला ते कळत नाही.
३. मागील ‘रीसेट’ बटण दाबू नये. त्यामुळे सेवेचे यूजरनेम व पासवर्ड पुसले जाऊन जोडणीच बंद पडते. केवळ पुन्हा सुरू करावयाचे असल्यास वीजपुरवठा अर्धा मिनिट बंद ठेवणे पुरेसे आहे.

सारांश

योजनेत जितकी गती घेतली आहे त्यापलीकडे कोणतीही सेटिंग नेऊ शकत नाही. वाटेत होणारी गळती मात्र थांबविता येते. दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान डाउनलोड गती सेकंदाला २ मेगाबिट ठरविली आहे. केबलवरील मोजमाप सातत्याने त्याखाली किंवा घेतलेल्या योजनेच्या बरेच खाली राहिल्यास तारीख, वेळ व आकड्यांसह सेवादात्याकडे लेखी तक्रार करावी. नुसते ‘नेट चालत नाही’ असे कळविण्यापेक्षा अशा नोंदींमुळे दोष लवकर सापडतो. ही तपासणी पेरणीपूर्वी, मे महिन्यातच उरकल्यास हंगामात सल्ला अडून राहणार नाही.