घरातली ओल : तीन वाटा

पाऊस सुरू झाला की आम्हा विद्यार्थ्यांना कविता सुचतात. घरातल्या आयाबहिणींना मात्र गळतीखाली भांडी मांडावी लागतात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसात घर टिकवायचे, तर पाणी आत कसे शिरते हे आधी समजून घेतले पाहिजे.

पहिली वाट वरची. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि तेथली कौले पुढे कोकणभर पसरली. या कौलांच्या खाचा एकमेकींत बसतात. पण एखादे कौल फुटले, माकडांनी सरकवले किंवा खाचेत पाचोळा साचला, की पाणी आत उतरते. ते वाशावरून घरंगळते, म्हणून थेंब एकीकडे पडतो आणि दोष दुसरीकडेच असतो. मे महिन्यात कौले परतून घेणे हाच यावर उपाय.

दुसरी वाट बाजूची. नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा करून भिंतीवर मारतो. त्या अंगाची वळचण रुंद असावी. जुनी माणसे तेथे झावळ्यांची झापे बांधत, ते उगाच नव्हे.

तिसरी वाट खालची, आणि तीच फसवी. जांभा दगड सच्छिद्र असतो. वात जसे तेल ओढते, तसे भिंत जमिनीतले पाणी वर ओढते. पाणी सुकते, पण त्यातले क्षार उरतात व गिलावा फुगवून पाडतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो.

आमच्या घरी हेच झाले. चुन्याचा गिलावा पडला म्हणून वडिलांनी कर्ज काढून भिंतीला सिमेंट केले. पुढच्या पावसात कमरेइतकी ओल खांद्यापर्यंत चढली. भिंतीला टेकलेल्या ट्रंकेत माझा शाळा सोडल्याचा दाखला होता. आमच्या घराण्यातला तो पहिलाच. त्याची शाई पसरली. आईला अक्षर वाचता येत नाही, पण रात्रभर चुलीपाशी बसून तिने तो वाळवला.

चूक कोठे झाली ते नंतर उमगले. सिमेंटमुळे भिंतीतल्या ओलीला बाहेर पडायला जागा उरली नाही, म्हणून ती वर चढली. मूळ कारण तर अंगणातच होते : पागोळ्यांचे पाणी जोत्याशी तुंबत होते. आम्ही बापलेकांनी दोन दिवस खपून उताराचा चर खणला, सिमेंट काढून पुन्हा चुना लावला. गेल्या पावसाळ्यात ओल गुडघ्यावर आली नाही.

मित्रहो, तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. मेमध्येच घराभोवती एक फेरी मारा. आणि ट्रंक भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवा.

(द्वितीय वर्ष, कला)