जेमना गावची खजूरबाग

खजूर आपण सगळेच खातो. रमजानच्या महिन्यात तर बाजारात खजुराच्या गाड्या लागतात. पण खजुराचं झाड आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिलं असेल. आपल्या ओढ्याकाठची शिंदी ही त्याचीच बहीण. या खजुरावरून एका गावात मोठा झगडा झाला. त्याची हकीकत आम्ही येथे सांगत आहोत.

आफ्रिका खंडाच्या उत्तरेला, समुद्राच्या काठी ट्युनिशिया नावाचा देश आहे. तेथील लोक अरबी बोलतात. देशाच्या दक्षिणेला सहारा वाळवंट लागते. त्या वाळवंटाच्या कडेला, केबिली जिल्ह्यात, जेमना हे गाव आहे.

आधी देशात काय घडलं ते पाहू. त्या देशात पोरं शाळा-कॉलेज शिकली होती. पदवीचा कागद हाती होता, पण काम नव्हते. बेन अली नावाचा राष्ट्राध्यक्ष तेवीस वर्षे सत्तेवर होता. त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांनी चांगले धंदे बळकावले होते. सीदी बूझीद गावात मोहम्मद बूअझीझी नावाचा २६ वर्षांचा तरुण हातगाडीवर फळं-भाजी विकायचा. अंमलदारांनी त्याचा माल जप्त केला. दाद मागायला गेला, तर कोणी ऐकेना. १७ डिसेंबर २०१० रोजी त्याने कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. पुढे ४ जानेवारीला तो वारला. सारा देश खवळला. काम द्या, मोकळीक द्या, माणसासारखं वागवा, अशी तरुणांची मागणी होती. १४ जानेवारी २०११ रोजी बेन अली देश सोडून पळाला. ही हवा मग इजिप्त, लिबिया, येमेन, सीरिया या अरब देशांतही पोहोचली. काही ठिकाणी तर लढाया पेटल्या.

आता जेमनाकडे वळू. गावाला लागून सुमारे १८५ हेक्टर, म्हणजे साडेचारशे एकरांवर, जमीन आहे. ही जमीन आमच्या वाडवडिलांची, असे गावकरी सांगतात. फ्रेंचांच्या राज्यात ती गोऱ्या मालकाकडे गेली. तेथे खजुराची बाग लागली. १९५६ साली देश स्वतंत्र झाला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून बाग विकत घ्यायचे ठरवले. पण १९६४ साली परदेशी मालकांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, आणि ही बागही सरकारकडेच राहिली. पुढे २००२ साली ती दोघा खासगी माणसांना खंडाने दिली, तीही स्वस्तात. गाव दारात उभं राहून बघत राहिलं.

जानेवारी २०११ मध्ये गावचे तरुण बागेत शिरले आणि ठाण मांडून बसले. बरं, बसले म्हणजे झालं का? बागेत सुमारे दहा हजार झाडं. पपईसारखीच खजुरातही नर आणि मादी झाडं वेगळी असतात. वसंतात नराचा मोहोर मादीच्या मोहोरात माणसाने उंच चढून हाताने बांधावा लागतो. ती वेळ चुकली तर वर्षाचं पीक गेलं! मजुरी द्यायला पैसा नव्हता. गावाने घरटी वर्गणी गोळा केली, आणि पीक वाचले.

मग गावाने एक मंडळ नेमले. ताहर ताहरी हे शिक्षक त्याचे अध्यक्ष झाले. मंडळी पगार न घेता कारभार पाहत. पूर्वी बागेत वीस-पंचवीस माणसं कामाला असत. आता ती शंभराच्या वर गेली. पीक जाहीर लिलावाने विकले जाऊ लागले. नफा कोणी वाटून घेतला नाही. त्यातून शाळेच्या खोल्या बांधल्या, खजुराच्या बाजाराला छप्पर घातले, रुग्णवाहिका घेतली. आम्हाला या हकिकतीत सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. जमीन ताब्यात घेणारे पुष्कळ असतात, हिशेब चारचौघांपुढे मांडणारे थोडे.

सरकारला मात्र हे पटले नाही. जमीन राज्याची आहे, उद्या प्रत्येक गाव असंच करील, असे सरकारचे म्हणणे. ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. २०१६ च्या हंगामात पिकाला सुमारे सतरा लाख दिनार आले. दिनार म्हणजे तिकडचा रुपया. सरकारने मंडळाचे बँकेतले खाते गोठवले. गावकरी निदर्शने करत रस्त्यावर आले. अशा सामाईक धंद्यांसाठी देशाने २०२० साली कायदा केला. पण जमीन कोणाची, हा मूळ सवाल कायद्याने सुटत नाही.

आणखी एक अडचण आहे, पाण्याची. तिकडे पाऊस नावालाच पडतो. बागा जगतात त्या जमिनीच्या पोटातल्या पाण्यावर. ते पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं. ते उपसलं तर पुन्हा भरत नाही म्हटलं तरी चालेल. जुन्या रीतीत खजुराच्या सावलीत डाळिंब, अंजीर आणि त्याखाली भाजीपाला, असे एकाच पाण्यावर तीन मजले पीक निघे. हल्ली डेग्लेट नूर या जातीला परदेशात भाव आहे, म्हणून सारी जमीन त्या एकाच झाडाखाली घालतात. नव्या बागांसाठी परवान्यावाचून विहिरी खणतात. पोरांना काम हवं, कामासाठी बाग हवी, आणि बागेसाठी पाणी. म्हणून जे पोर गावात राहतं ते विहीर खणतं, आणि ज्याला काम मिळत नाही ते आजही समुद्र ओलांडून इटली गाठायचा बेत करतं.